कुपीतला शेवटचा थेंब

मी एक कुपी बोलतेय. बोटाच्या पेराएवढी, प्लास्टिकची. सगळं आयुष्य प्रयोगशाळेच्या फ्रीजरमध्ये गेलं. त्या गारठ्यापुढे तुमचा बर्फ म्हणजे ऊबच!

माझ्या पोटात एका लहानग्याच्या घशातला स्राव होता. पोरगं तापानं फणफणलं आणि बघता बघता गेलं. त्याआधी शिंकत शिंकत घरी आलेल्या मावशीनं त्याचे भरपूर पापे घेतले होते. आई दवाखान्यातच धाकट्या बहिणीवर कडाडली, "तूच दिलंस हे त्याला! पुन्हा तोंड दाखवू नकोस मला!" मावशीचाही नमुना घेतला होता. तिची कुपी माझ्या शेजारी आली.

प्रयोगशाळेतल्या माणसानं घाईत गफलत केली. नमुना चार-पाच कुप्यांत वाटून ठेवायचा, तो सगळा माझ्यातच ओतला. मग दर तपासणीला मला वितळवायचे आणि दर वेळी आतला विषाणू थोडा विस्कटायचा. शिवाय ही माणसं शोधायची फक्त ओळखीचे चोर. अनोळखी कसा सापडणार, कपाळ! "काही नाही," म्हणायचे, की पुन्हा अंधार. फार एकटं वाटायचं हो. दार उघडलं की आशा वाटायची आणि हात दुसऱ्याच कुपीकडे जायचा.

वर्षं लोटली. काही रुग्णांत एक नवा विषाणू सापडला. त्याचं कूळ शोधायला संशोधक बाईंनी जुने नमुने बाहेर काढले. माझ्यात एकच थेंब उरला होता.

"बाई गं, दगा देऊ नकोस," त्या मला म्हणाल्या.

आता नमुन्यातली सगळी जनुकं वाचणारं यंत्र आलं होतं. सापडला! नव्या विषाणूचा पूर्वज माझ्याच पोटात होता. पिढ्यानपिढ्या त्याची जनुकं कशी बदलत गेली, तेही कळलं. मावशीची कुपी तेव्हा कुणी तपासलीच नव्हती; तिच्यात मात्र साध्या सर्दीचा विषाणू निघाला.

बाईंनी त्या आईला बोलावून घेतलं. केस पार पिकले होते तिचे.

"तुमच्या बहिणीची सर्दी वेगळी होती, बाळाचा आजार वेगळा," बाई म्हणाल्या. "तिच्यामुळे काही झालं नाही."

आईनं टेबलावरच्या माझ्याकडे बघत बहिणीला फोन लावला. मी रिकामी झालेय. आता मला टाकून देतील, त्याचं वाईट वाटत नाही. फक्त तेवढा फोन लागू दे, एवढंच मागणं होतं.

लागला.

"अगं, मी... तुझ्यामुळे नाही गेला गं तो. चुकलं माझं."

फोनमधून पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला.

"ताई, तेव्हापासून मी कुणाचंच लेकरू कडेवर घेतलं नाही."