यानातली ऊब

तिला गल्लीत सगळे यानवाली शिंपीण म्हणत. अवकाशयानांना गुंडाळायची चकचकीत पांघरुणं शिवण्यात तिची उभी हयात गेली. शेजारीण विचारायची, "काय हो, झालं का यानाचं अंगडं-टोपडं शिवून?" ती म्हणायची, "झालं, दुपटं तेवढं राहिलंय." मुलगाच यानातून जायला निघाला तेव्हा मात्र तिला थट्टा सुचली नाही.

तो परत आला नाही. भेटायला येणारा जो तो एकच म्हणे, "तिथं कडाक्याची थंडी हो. झोपेतच गेला असेल, कळलंही नसेल." ती मान हलवायची.

सुनेनं मात्र ते बोलणं मनाला लावून घेतलं. ऐन थंडीत ती अंगावर काही न घेता फरशीवर निजायला लागली. खोकला छातीत उतरला, डॉक्टर रागावले, तरी ऐकेना. एका दुपारी सासूनं तिच्या अंगावर रजई टाकली. तिनं ती पायानं लोटून दिली.

"तो गारठून गेला आणि मी रजईत लोळू? राहू द्या, आई."

"अगं वेडे, जीव जाईल तुझा."

"जाऊ दे."

सासू गुडघे धरत तिच्याशेजारी बसली. "थंडीनं नाही गेला तो."

"सगळे तर म्हणतात..."

"सगळ्यांनी काय यानं शिवलीत? आपला चहा निवतो, कारण हवा त्याची उष्णता घेऊन जाते. तिथं बाहेर हवाच नाही, मग नेणार कोण? माणसांच्या अंगाची, यंत्रांची उष्णता पंपानं नळ्यांतून बाहेरच्या पत्र्यांपर्यंत पोचवावी लागते. तिथून ती किरणांवाटे निघून जाते. तो पंपच बंद पडला. यंत्रं चालूच होती. आणि भोवती आम्ही शिवलेलं पांघरूण, उष्णता निसटू न देणारं."

सून उठून बसली. "म्हणजे तो उबेत होता?"

ऊब. सासूच्या जिभेवर उकाडा हा शब्द आला होता. श्वास कोंडणारा, अंगातलं पाणी आटवणारा उकाडा. तिनं तो गिळला.

"हो गं. उबेत होता."

"तुमच्या पांघरुणात."

"माझ्याच."

सुनेनं रजई ओढून घेतली, पोटभर रडली आणि रडता रडता झोपली. सासू भिंतीला टेकून तशीच बसून राहिली.

पुढे किती उन्हाळे आले. कुणी पुठ्ठ्यानं वारा घेत "काय हा उकाडा" म्हणालं, की ती काहीतरी निमित्त काढून आत निघून जायची.