चाळीस ग्रॅम

टेंडरबाईंनी पिशवी तराजूवरून उचलली, पुन्हा ठेवली, आणि काट्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो लाजून मागे सरकेल. काटा काही हलला नाही. नऊशे चाळीस.

“चाळीस ग्रॅम जास्त,” त्या म्हणाल्या. “मास्तर, कागदात नऊशे लिहिलंय. नऊशे म्हणजे नऊशे.”

मास्तरांनी चष्मा कपाळावर ढकलला. “पट्ट्याखाली कापडाचा एक तुकडा जास्त घातलाय. त्याचे ते चाळीस.”

“मग तो काढा.”

“काढला तर पट्टा तुटेल.”

“तुटेल तेव्हा बघू. आधी नमुना पास होऊ दे.”

मशीनवरच्या बायकांनी माना खाली घातल्या. मास्तरांना असं तोंडावर बोलणारं माणूस त्यांनी क्वचितच पाहिलं होतं. मास्तरांची सून, कारखान्याचे सगळे कागद सांभाळणारी, दाराशी फायलींचा गठ्ठा छातीशी धरून उभी होती. तिने सासऱ्यांकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि मुकाट्याने दोघांसाठी चहा सांगितला.

कारखान्यात चौदा मशीन होत्या आणि त्यांतल्या सहा चालत होत्या. तंबू, ताडपत्र्या, शाळेची दप्तरं, जे येईल ते मास्तर शिवत. पण आता येणंच आटलं होतं. जुन्या मशीन विकत घेणारा एक माणूस मागच्या आठवड्यात सगळ्या मशीन फिरवून, वाकून, खालून वरून बघून गेला होता. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला ट्रक घेऊन येतो म्हणाला होता. त्याला अडवायला एकच गोष्ट होती, लष्कराच्या सहा हजार पाठपिशव्यांचं काम. निविदा भरायला बारा दिवस उरले होते.

टेंडरबाई हे नाव त्यांना गावातल्या छोट्या कारखानदारांनी दिलेलं. सव्वीस वर्षं त्या लष्कराच्या खरेदी विभागात टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसल्या. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या आणि व्यापारी संघाने दिलेल्या एका खोलीत अलीकडच्या बाजूला येऊन बसल्या. कुणाला सरकारी काम हवं असेल, तर कुठला कागद कुठे लावायचा, कुठे सही, कुठे शिक्का, हे त्या सांगत. त्यांच्या सल्ल्याने एका लोहाराने छावणीच्या खाटा केल्या, एका बेकरीवाल्याला रोजच्या पावाचं काम मिळालं. दोघांनाही त्यांनी एकच सांगितलं होतं: स्वतःची अक्कल घरी ठेवा, कागदात आहे तेवढंच करा. आणि दोघांचंही भलं झालं होतं.

पण मास्तरांपुढे त्यांनी हात टेकले होते. माणूस दोनदा नापास झालेला, एकदा आठ वर्षांपूर्वी आणि एकदा मागच्या वर्षी. दोन्ही वेळा कारण एकच, वजन जास्त. तरी हा बाबा ऐकेल तर शपथ.

“या इकडे,” मास्तर म्हणाले.

मागच्या भिंतीशी लोखंडी आकड्याला एक पिशवी पट्ट्याने टांगलेली होती, कागदाबरहुकूम शिवलेली. नऊशे ग्रॅम, तुकडा नाही. आत वाळू भरली होती.

“तीस किलो,” मास्तर म्हणाले. “आता हिला जरा हिसका द्या. सैनिक काय पिशवी पाठीला लावून गप्प उभा राहणार आहे? ट्रकमधून उडी मारेल, धावेल.”

बाईंनी नाइलाजाने पिशवी ओढली. काही झालं नाही. त्यांनी मास्तरांकडे जिंकल्यासारखं पाहिलं. मग त्यांचा चहा आला, आणि तो संपायच्या आत दोरा सुटल्याचा बारीकसा आवाज झाला. पट्ट्याची एक बाजू उसवत गेली आणि पिशवी धप्पकन खाली बसली. सगळ्या फरशीवर वाळू.

“तीस किलो तुम्ही तुमच्या मनाने भरलेत,” बाई म्हणाल्या, पण आवाजात मघाचा जोर नव्हता.

“तिसऱ्या पानावर लिहिलंय की.”

बाईंनी सुनेच्या हातातून निविदा घेतली. तिसरं पान: भार तीस किलो. सातवं पान: पट्ट्याची शिलाई, चार ओळी, ‘सुबक व एकसमान’. त्यांनी सातवं पान पुन्हा वाचलं. मग जवळचं स्टूल ओढून त्या बसल्या.

‘सुबक व एकसमान.’ हे शब्द त्यांचेच होते. निवृत्तीच्या आधीच्या वर्षी, वर्षअखेरीच्या गडबडीत, नव्या पिशवीचा कागद त्यांनीच तयार केला होता. तयार केला म्हणजे, त्यांच्या विभागात सगळेच करत तसा जुन्या फायलीवरून उतरवला होता. जुनी पिशवी बारा किलो भाराची होती. भार बदलला, तो त्यांनी तिसऱ्या पानावर बदलला. सातव्या पानापर्यंत त्यांची नजर गेलीच नाही. इतरांच्या चुका डोळ्यांत तेल घालून शोधणाऱ्या बाई स्वतःच्या चुकीवर सही करून घरी गेल्या होत्या. त्यांना अतिशय लाज वाटली.

“एक वाट आहे,” त्या म्हणाल्या. “निविदा भरणाऱ्याला लेखी शंका विचारता येते. उद्या शेवटचा दिवस.”

“मग आजवर कधी बोलला नाहीत?” सुनेने विचारलं.

“कारण शंका विचारणाऱ्यांचा आम्हाला राग यायचा,” बाई म्हणाल्या. “आणि उत्तर सगळ्यांना कळवतात. तुमच्याबरोबर जे दहा जण भरतायत, त्या सगळ्यांना.”

सुनेचा चेहरा उतरला. “म्हणजे बाबांची युक्ती सगळ्यांना फुकट? मग आपल्या हातात काय राहिलं?”

“पट्टे काय फक्त आपल्याच पिशव्यांचे तुटणार आहेत?” मास्तर म्हणाले आणि फरशीवरची वाळू सुपलीत भरायला लागले. “विचारा, बाई.”

पत्र बाईंनी तिथेच बसून लिहिलं. तिसरं पान आणि सातवं पान जुळत नाही, सोबत उसवलेल्या पट्ट्याचा फोटो. खाली कारखान्याचं नाव आलं. मग त्यांनी अजून एक कागद घेतला, त्यावर चार ओळी लिहिल्या आणि स्वतःच्या नावाने सही केली.

“हे काय?” सून वाचायला वाकली.

“सातवं पान मी उतरवलं होतं,” बाई म्हणाल्या. “चूक कशी झाली हे त्यांना माझ्याकडूनच कळलं, तर ते तपासत बसणार नाहीत, लगेच दुरुस्त करतील.”

मास्तरांनी एकदा मान वर केली, बाईंकडे बघितलं, आणि पुन्हा वाळू भरत राहिले. त्या दिवशी त्यांच्याकडून चकार शब्द निघाला नाही. पुढचे आठ दिवस बाईंना ती गप्प मान काही केल्या विसरता येईना.

नवव्या दिवशी सकाळी सुनेचा फोन आला, “लगेच या.” बाई पोचल्या तेव्हा सून मोबाइल घेऊन दारातच उभी होती. दुरुस्तीपत्रक आलं होतं. पट्ट्याखाली जादा कापड आवश्यक, वजनाची मर्यादा पन्नास ग्रॅमने वाढवली, मुदत तीन आठवडे पुढे. ‘वापरातील तक्रारी लक्षात घेता’ असंही एक वाक्य होतं. म्हणजे पट्टे खरोखरच तुटत होते.

“आता सगळ्यांना नमुने नव्याने शिवावे लागणार,” सून म्हणाली. “आपला तयारच आहे!” आणि तिने तिथल्या तिथे मशीनवाल्याला फोन लावला. “एक तारखेला येऊ नका. नाही, पुढचंही काही सांगत नाही. गरज पडली तर आम्ही कळवू.”

बाई आत गेल्या. मास्तर शिवत बसले होते.

“मास्तर, त्या दिवसापासून तुम्ही बोलला नाहीत. चूक माझी होती, राग आला असेल तर...”

मास्तरांनी मशीन थांबवली. खणातून घडी झिजलेला एक कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. आठ वर्षांपूर्वीचं नापासपत्र. बाईंची सही. नमुन्यांवर तेव्हा नाव नसे, नुसता क्रमांक असे. हा नमुना कुणाचा, हे त्यांना कधी कळलंच नव्हतं.

“म्हणजे मी कोण ते तुम्हाला पहिल्या दिवसापासून...”

“ठाऊक होतं.”

“आणि तरी माझ्याकडे आलात?”

“मागच्या वर्षीचं पत्र एका ओळीचं आहे,” मास्तर म्हणाले. “वजन जास्त, नापास, आणि शिक्का. तुमचं वाचा.”

बाईंनी वाचलं. वजन जास्त, म्हणून अमान्य. त्याखाली त्यांच्याच अक्षरात एक ओळ होती, जी लिहिल्याचं त्यांना आठवत नव्हतं: पट्ट्याचे टाके मोजले, एकशे बारा, एकही चुकलेला नाही.

“चाळीस वर्षं शिवतोय,” मास्तर म्हणाले. “माझे टाके दुसऱ्या कुणीच कधी मोजले नाहीत, बाई.”

बाईंनी कागद घडी करून परत दिला. मग पदराने चष्मा पुसला, स्टूल ओढलं आणि नमुन्याची पिशवी मांडीवर घेऊन त्या पट्ट्यापासून टाके मोजायला लागल्या.