घशात अडकलेलं गाणं

मित्रांनो, मी गाणी वाजवणारं एक जुनं धूड आहे. मला ज्यूकबॉक्स म्हणतात. नाणं टाकायचं, बटण दाबायचं, की माझा लोखंडी हात रांगेतून एक तबकडी उचलतो आणि सुईखाली ठेवतो. हल्ली तुमच्या खिशातल्या फोनात हजारो गाणी मावतात म्हणे. मावू देत बापडी! पण माझा हात खटक् करून हलला की अख्खा पब माना वळवून बघायचा, हे मी अभिमानानं सांगतो.

माझा जन्म इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलजवळच्या एका कारखान्यात झाला. तिथून मी फ्लीटवुड बंदरावरच्या 'थ्री हेरिंग्ज' या पबमध्ये आलो. पब हिल्डामावशीचा. ती रोज सकाळी व्हिनेगरनं माझी काच पुसायची आणि मी फार बोललो की "अरे मेल्या, जरा दम घे" म्हणायची. सुरुवातीला माझं भारी कौतुक झालं. पोरी नवे बूट घालून माझ्यापुढे नाचायच्या.

माझ्याकडची निम्मी गाणी ताटातुटीची होती. तू मला सोडून गेलास, मी तुला सोडून चालले, आता पत्र लिहू नकोस, असली. याच तबकड्या सगळ्यात आधी झिजायच्या. आनंदाची गाणी वर्षानुवर्षं कोरी करकरीत राहायची. माझ्या गावच्या माणसांचं हे मला नवल वाटतं. समोर कुणी रडायला लागलं तर "चहा टाकू का?" यापलीकडे त्यांना शब्द सुचत नाही. पण तेच रडणं कुणी चालीत म्हटलं की पुन्हा पुन्हा नाणी टाकून ऐकतात.

एक अडचण मात्र होती. गिऱ्हाईक सगळं मच्छीमार. बोटी दूर आइसलँडकडे जायच्या, आठवडेच्या आठवडे परतायच्या नाहीत. ज्या दिवशी बोट सुटायची त्या दिवशी घरात कपडे धुवायचे नाहीत, नाहीतर लाट माणसाला धुऊन नेते, अशी तिथली समजूत. दारात उभं राहून हात हलवायचा नाही. आणि निरोपाचा शब्द तर तोंडातून काढायचाच नाही. त्यामुळे बोट सुटायच्या दिवशी हिल्डामावशी माझ्या निम्म्या बटणांवर चिकटपट्ट्या लावायची. मग उरायचं काय? भर जून महिन्यात मी नाताळची गाणी म्हणत बसायचो. इलाज नव्हता.

आता मेविसचं सांगतो. मेविस लेडबेटर घरी बसून जाळी विणायची. तिचा नवरा स्टॅन बोटीवर होता. माणूस वाईट नव्हता, पण दोघांचं काही म्हणजे काही जमत नव्हतं. मेविसला त्याला सोडून प्रेस्टनला बहिणीकडे जायचं होतं. एका दुपारी ती मावशीला म्हणाली, "सांगू कधी त्याला? घरी येतो तीन दिवस. पहिल्या दिवशी झोपतो, दुसऱ्या दिवशी पितो, आणि तिसऱ्या दिवशी बोट सुटते. त्या दिवशी तर बोलायचंच नाही!"

"मग पुढच्या खेपेला सांग," मावशी म्हणाली.

"गेली चार वर्षं मी हेच ऐकतेय, मावशी."

फेब्रुवारीत एकदा बोट सुटायच्या दिवशी बोटीवरची माणसं समुद्राच्या भरतीची वाट बघत पबमध्ये बसली होती. स्टॅनही होता. मेविस कोट घालून आली. कुणाशी न बोलता थेट माझ्यापाशी आली, नखानं एक चिकटपट्टी खरवडून काढली आणि बटण दाबलं. ते गाणं सगळ्यांना पाठ होतं. एक बाई घराची किल्ली टेबलावर ठेवते आणि चालले म्हणते.

स्टॅनच्या हातातला ग्लास तसाच राहिला. तो काय समजायचं ते समजला. कोपऱ्यातले म्हातारे वॉल्ट ओरडले, "बंद कर ते! माणूस मारशील आमचा!" मावशीनं धावत येऊन माझी वायर भिंतीतून उपटली. माझा आवाज घोगरा होत होत मधेच बुडाला. स्टॅन उठला आणि बायकोकडे न बघता धक्क्याकडे गेला.

मावशीनं माझ्यावर चादर टाकली आणि मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. तबकडी सुईखाली तशीच होती. तुम्हाला सांगतो, अर्धं गाणं घशात घेऊन उभं राहणं ही फार वाईट शिक्षा आहे.

आणि बोट आलीच नाही. परतायचा दिवस उलटला. उत्तरेला वादळ झालं, बिनतारी संदेश थांबले. बाया मेविसशी बोलेनाशा झाल्या. ती यायची, एकटीच बसायची, आणि शेजारच्या खुर्च्या रिकाम्या व्हायच्या. तिची बॅग भरलेली होती, पण आता जाणार कशी? वॉल्ट तिच्या तोंडावर म्हणाले, "झालं समाधान?"

तेव्हा ती ढसाढसा रडली. "मला तो मरायला नको होता हो! मला फक्त त्याच्याबरोबर राहायचं नव्हतं. या गावात या दोन गोष्टी वेगळ्या कुणाला दिसतच नाहीत का?"

मावशीनं तिच्यापुढे चहा ठेवला आणि स्वतः तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसली.

एका दुपारी दार उघडलं आणि स्टॅन आत आला. दाढी वाढलेली, दोन बोटांना बँडेज. इंजिन बंद पडून बोट आइसलँडच्या बंदरात ओढत न्यावी लागली होती. पबमध्ये एकच गलका झाला. वॉल्टनी त्याची पाठ थोपटली. "पोरा, घे आता बायकोला आणि जा घरी. तिची खोड मोडली."

मेविस जागची उठली. "आलास. बरं झालं, बाई! देवाचे उपकार!" ती म्हणाली.

"राहशील का?" स्टॅननं विचारलं.

सगळे तिच्याकडे बघत होते. हो म्हणणं किती सोपं होतं! मेविसनं डोळे पुसले आणि मान हलवली. "नाही रे."

"निर्लज्ज!" वॉल्ट म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो, आजोबा," स्टॅन म्हणाला. मग मावशीकडे वळला. "ते गाणं अर्धंच ऐकलं मी. सगळी खेप तेवढंच डोक्यात घोळत होतं. किल्ली ठेवली, आणि पुढं काय? लाव बघू."

"अरे, अपशकुन…"

"मी आज कुठंही निघालेलो नाही. जमिनीवर उभा आहे. लाव."

मावशीनं चादर ओढली, वायर लावली. माझे दिवे तापले आणि जिथं बुडालो होतो तिथूनच मी पुन्हा वर आलो. आधी घोगरा, मग स्वच्छ. त्या गाण्याच्या उरलेल्या अर्ध्यात बाई दारात थांबते. म्हणते, थंडीत मफलर घाल, वेळेवर जेव, आणि माझ्यावाचून सुखात राहा. तबकडी खटक् करून जागेवर गेली.

स्टॅन म्हणाला, "जा मग. सांभाळून जा, मेविस."

"तूही सांभाळून राहा," ती म्हणाली. त्यानं तिची बॅग स्टेशनपर्यंत उचलून नेली. वॉल्ट रागानं दुसऱ्या पबात जायला लागले ते कायमचे.

पुढं बोटी कमी झाल्या, पब बंद पडला. बरीच वर्षं मी एका शेडमध्ये फुटक्या खुर्च्यांखाली पडून होतो. आता एका छोट्या संग्रहालयात आहे. माझी सुई हरवली आहे, वाजता येत नाही. माझ्यासारखं जुनं यंत्र तुमच्या घरात असेल तर त्याची धूळ झटका, एवढं माझं मागणं आहेच.

पण मित्रांनो, त्याहून मोठं मागणं दुसरंच आहे. तुमच्या घरातून, गावातून किंवा मैत्रीतून कुणाला जायचं असेल, तर त्याला सांगायला एखादा दिवस मोकळा ठेवा. ऐकवत नाही म्हणून त्याचं बोलणं मधेच तोडू नका. रडायला आलं तर रडा. पण त्याचं बोलून होईपर्यंत थांबा, आणि मग त्याची बॅग उचलू लागा.