लंगड्या हेडफोनची निवड

धुळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजात कुंदाबाईंनी एकोणीस वर्षं कानाला हेडसेट लावून काढली. दोंडाईचात कोणी शिंकलं तर सर्दी आहे की तपकीर, हे त्या धुळ्यात बसून सांगत. पंच्याण्णव साली स्वयंचलित यंत्र आलं आणि त्यांना तक्रारींच्या टेबलावर बसवलं. तक्रार एकच यायची : यंत्र ऐकत नाही.

म्हणून भाचा यादव शनिवारी दारात येऊन, "जयभीम आत्या, हेडफोन निवडायचाय, चला," म्हणाला, तेव्हा त्या ठेवणीतली साडी नेसून निघाल्या.

यादवनं भाड्याच्या खोलीत टीव्ही मांडून व्हिडिओ गेमचं दुकान काढलं होतं. वरच्या मजल्यावर घरमालक पितांबर नाना. खालच्या बंदुकांनी नानांची दुपारची झोप महिनाभर शहीद होत होती. त्यांनी सोमवारपर्यंत मुदत दिली होती : आवाज बंद, नाहीतर दुकान बंद.

आग्रा रोडवरच्या बन्सीलालनं काउंटरवर चकचकीत डबा ठेवला. "दोन्ही कान गच्च, बाई. बाहेर बाँब फुटला तरी कळायचं नाही."

यादवनं त्या नारळाच्या करवंट्या कानांवर चढवल्या आणि दुकानातल्या टीव्हीवर गेम सुरू केला. टीव्ही मुका झाला. बन्सीलालनं कुंदाबाईंकडे जिंकल्यासारखं पाहिलं.

"मरना! मरना!" पडद्यावरचा शत्रू मेला म्हणून यादव अहिराणीत बोंबलला.

शेजारचा पानवाला वना चुन्याच्या हातानंच धावत आला. "कोन मरना रे?" त्याच्यामागून दोन बायका आल्या. एकीनं तर पायरीवरच रडायला सुरुवात केली होती. हारवाला सायकल लावून अदबीनं उभा राहिला. यादवला यातलं काही ऐकू येत नव्हतं.

"अजून तीन बाकी शेतस!" तो ओरडला.

रडणाऱ्या बाईनं आवाज चढवला.

कुंदाबाईंनी यादवची एक करवंटी कानावरून उचलली. तो एकदम हळू आवाजात म्हणाला, "काय झालं? कोण गेलं?"

"ऐकलंत?" त्या बन्सीलालकडे वळल्या. "एक्स्चेंजात नवी मुलगी आली की असंच करायची. दोन्ही कान झाकले की माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, मग तो गावाला ऐकवतो. म्हणून आमच्याकडे एक कान मोकळाच. एका कानाचा दाखवा."

"एका कानाचा येतच नाही हो."

"मग तो काय?"

परत आलेल्या मालाच्या खोक्यात एक काळा हेडफोन पडला होता. डावी वाटी तुटून गेलेली.

"तो? तो लंगडा शे."

"अशा लंगड्यावर सगळा जिल्हा बोलला एकोणीस वर्षं."

त्यांनी तो कानाला लावला, डोळे मिटले, वायर तीन ठिकाणी वाकवून पाहिली. दुकानातली गर्दी नाडी बघणाऱ्या डॉक्टरसमोर उभं राहावं तशी गप्प झाली. "खरखर नाही," कुंदाबाई म्हणाल्या. "बांधा."

यादवनं त्यावर एक डाव खेळून पाहिला. "मरना," तो कुजबुजला. रडणाऱ्या बाईची निराशा झाली. ती घरी गेली.

सोमवारी दुपारी पितांबर नाना काठी आपटत खाली आले. कुंदाबाई अर्धी रजा टाकून दाराशी खुर्चीवर ताठ बसल्या होत्या. आत गिऱ्हाईक खेळत होतं आणि देवळात प्रदक्षिणा घालताना पुटपुटावं तसं पुटपुटत होतं.

"बठ्ठं बंद शे का?" नानांनी संशयानं विचारलं.

"सगळं चालू आहे नाना. तुमची झोप झाली?"

"आवाजच नाही, झोप कशी येईन? महिनाभराची सवय."

कुंदाबाईंनी त्यांना टीव्हीसमोर बसवलं आणि त्यांच्या चांगल्या कानावर हेडफोन बसवला. नाना बराच वेळ बटणं दाबत राहिले. मग हळूच म्हणाले, "मरना बिचारा."

कुंदाबाईंनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. ट्रंककॉलवर दर तीन मिनिटांनी लावायचा, पण वर्षभर न लागलेला आवाज त्यांच्या गळ्यात आपोआप आला.

"तीन मिनिटं झाली. वाढवायची?"

नाना त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठे. पडद्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "वाढवा ना, अक्का."