ने, पण घरात सांगू नको

नवरा व्यंकटी जाऊन वर्ष व्हायला आठ-दहा दिवस उरले होते आणि सरस्वतीबाईच्या जिवाला एकच घोर लागला होता. वर्षश्राद्ध झालं की माणूस पितरांत जाऊन बसतो, असं तिची सासू म्हणायची. तोवर तो घरचा असतो. त्याचं नाव निघतं, त्याच्यावर चिडता येतं. एकदा पितरांत गेला की भादव्यात एक पान वाढायचं आणि मोकळं व्हायचं. मग वर्षभर त्याचं नाव घेणार कोण?

हा घोर तिनं नातीला फोनवर सांगितला आणि तिथंच फसली. नात शिवकन्या लातूरला आईबापाजवळ राहून कॉम्प्युटरवर काम करायची. मैत्रिणींना धरून तिनं नवाच उद्योग काढला होता. गेलेल्या माणसाचा फोटो, त्याच्याबद्दल चार ओळी, आवडीचं भजन असं सगळं फोनात बसवायचं आणि तिथी आली की सोयऱ्याधायऱ्यांना आपोआप निरोप जायचा. शनिवारी ती मुरुडजवळच्या या गावी आली, ती लॅपटॉप काखेत मारूनच.

“आजी, आमचं पहिलं गिऱ्हाईक आपले आबा. सांग बरं, आबा कसे होते?”

“कसे म्हंजे? माणसासारखे होते.”

“तसं नाही गं. हे बघ, मी लिहिलंय. प्रेमळ, मनमिळाऊ, धार्मिक.”

सरस्वतीबाईनं तोंडाला पदर लावला. “धार्मिक? मारुतीच्या देवळात जायचे ते पंख्याखाली झोपायला! कुणाचं लिहून राहिलीस बाई हे? चौकातल्या बोर्डावर समद्या मयतांचं हेच लिहितेत.”

“मग तू सांग.”

“लिही, घर वाटून टाकणारा बाप्या.”

ते मात्र खोटं नव्हतं. व्यंकटीच्या घरात वस्तू म्हणून टिकत नसे. शिडी म्हणा, पहार म्हणा, लग्नकार्याची मोठी कढई म्हणा, कोणी मागायला आला की तो आधी इकडं तिकडं बघायचा आणि मग हळूच म्हणायचा, “ने, पण घरात सांगू नको.” घरात म्हणजे सरस्वतीबाईला. सरस्वतीबाई आत चुलीपुढं बसून सगळं ऐकायची आणि परातीतली भाकर जरा जोरात थापटायची. भांडी परत यावीत म्हणून तिनं एकदा मुरुडच्या बाजारात नेऊन एकूणएक भांड्यावर व्यंकटीचं नाव घालून आणलं. फायदा एवढाच झाला की गावभर व्यंकटीच्या नावाची भांडी हिंडू लागली.

रविवारी सकाळी शिवकन्येनं निरोप तयार केला. तीन मैत्रिणींना पाठवून बघावा, एवढाच बेत होता. आबांचा फोन अजून चालू होता. सरस्वतीबाई न चुकता त्यात पैसे भरायला लावायची. “बंद पडला अन् कुणी लावला, तर ती बाई म्हणंल, हा नंबर अस्तित्वात न्हाई. मला न्हाई ऐकवायचं ते.” तर त्याच नंबरावरून शिवकन्येनं निरोप सोडला, आणि काय बटण दाबलं कोण जाणे, तो आबांच्या फोनात जेवढी नावं होती तेवढ्यांना गेला. पटका बांधलेला व्यंकटीचा फोटो आणि खाली शब्द : ‘राम राम. मी व्यंकटी. पुढच्या सोमवारी वर्ष होतंय. मला विसरला नाहीत ना?’

चहाला उकळी फुटली नव्हती, तोवर शेजारच्या आळीतला लिंबाजी अनवाणी धावत आला. खांद्यावर शिडी.

“वैनी! दादाचा मेसेज आला!”

“आं?”

“आता मला भित्रा म्हना, कायबी म्हना. ही शिडी घ्या. द्यायचीच होती, पर ऱ्हाऊन गेली.”

“कवा नेली हुती?”

“पोळ्याला.”

“कोणच्या पोळ्याला?”

“ते नका इचारू वैनी.”

त्याच्यामागं मल्लम्मा आली. ही देगलूरकडची, लग्न होऊन या गावात आली ती इथलीच झाली. पण दचकली की माहेरचं तोंडात यायचं. “अय्यो, अक्का! सकाळी सकाळी असं भिववतेत का कुणी? हातातली गाळणी पडली माझ्या.” तिनं डोक्यावरची कढई उतरवली. बुडाला काजळी इंचभर, पण काठावरचं नाव लख्ख.

शिवकन्या कपाळाला हात लावून बसली. “काकू, माफ करा. चूक माझी आहे. आबा कुठले पाठवतात?”

“तू गप गं,” लिंबाजी म्हणाला. “बोलावणं आलं ते आलं.”

दुपारपर्यंत अंगण भरलं. पहार आली, घागरी आल्या, फवारणीचा पंप आला, एक बाज आली. वीरभद्र नावाचा कोणी लांबचा सोयरा बैलाची घुंगुरमाळ घेऊन आला. बैल विकून जमाना झाला होता. आलेला कोणी लगेच उठेना. व्यंकटीनं वस्तू कशी दिली, दाराकडं कसा बघितला, आवाज कसा बारीक केला, याच्या नकला सुरू झाल्या.

“मला पहार दिली ती न्हाणीच्या खिडकीतनं!” एक म्हणाला.

“अन् मला वाटायचं, पहार चोरीला गेली,” सरस्वतीबाई म्हणाली. “रोज शिव्या घातल्या चोराला.”

“लागल्या वैनी. दोनदा पाय मुरगळला.”

हसून हसून मल्लम्माला ठसका लागला. शिवकन्येनं चहाचं पातेलं पुन्हा पुन्हा चढवलं.

संध्याकाळी सगळे गेले. सरस्वतीबाईनं अंगणाकडं नजर टाकली. जन्मभर जे मागितलं ते एका दिवसात मिळालं होतं. तिनं भांडी घासली, शिडी भिंतीला लावली आणि समाधानानं झोपली.

सोमवारी सकाळी लिंबाजी दारावरून गेला. शिडी त्याच्याकडं होती तोवर तो मान खाली घालून का होईना, “वैनी, बरं हाय ना?” म्हणायचा. आज गडी शीळ घालत सरळ निघून गेला. थोड्या वेळानं मल्लम्मा गेली, तीही तशीच. सरस्वतीबाई उंबऱ्यात बसून राहिली.

“शिवकन्ये,” ती म्हणाली, “तुझ्या मेसेजनं घोटाळा केला बघ. समदं घरी आलं. आता ह्या दारात कुणाचं काय अडलंय?”

शिवकन्येनं लॅपटॉप उघडला आणि प्रेमळ-मनमिळाऊ सगळं पुसून टाकलं. मग उठली आणि कढईवरच्या नावावरून बोट फिरवत म्हणाली, “आजी, ही भांडी मी दोन दिवस लातूरला नेते.”

वर्षश्राद्धाला गाव जेवून उठलं. पान-सुपारी झाली. लिंबाजी चपला शोधत होता, तेवढ्यात सरस्वतीबाईनं त्याला भिंतीच्या आडोशाला बोलावलं. इकडं तिकडं बघितलं. हातात कढई ठेवली.

“ने, पण घरात सांगू नको.”

“वैनी, कढई मल्लम्माची... म्हंजे तिनं आणल्याली. मला शिडी...”

“शिडी तिला दिली. तुला लागली तर तिच्याकडं माग. तुझं झालं की कढई फुडं दे कुणालाबी.”

“अन् घरात सांगू नको म्हंजे कुणाला? आता कोन हाय घरात?”

“ती काय, नात बसलीया. लई कडक हाय.”

लिंबाजी खो खो हसला आणि कढई उपरण्याखाली लपवल्यासारखं करत निघाला. एवढी मोठी कढई ती, कुठली लपते! नावाखाली आता आणखी एक ओळ कोरलेली होती : व्यंकटीचा फोन नंबर. शिवकन्येच्या उद्योगात आता गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारायचा होता, गेलेल्या माणसाची कोणती वस्तू गावात फिरवायची? बाकी काम कोरणाऱ्याचं.

दिवाळी झाली. शिवकन्या सुट्टीला आली होती. वर मातीचं माळवद सारवलेलं, दारात तुळस, आणि कोनाड्यातला व्यंकटीचा फोन वाजला. धर्माबादहून कोणी अनोळखी बाई बोलत होती. कढई तिथवर गेली होती, कशी ते देवाला ठाऊक.

“व्यंकटीरावांचं घर का? घरात लग्न हाय, आनखी आठ दिवस ठेवली तर चालंल का? त्यांनला इचारता का जरा?”

शिवकन्येनं फोन घ्यायला हात पुढं केला. सरस्वतीबाईनं मात्र सवयीनं दाराकडं बघितलं आणि आवाज बारीक केला.

“ते गावं हिंडून राहिलेत, बाई. तुमी ठेवा. पण घरात सांगू नका.”