ओली चूल

टँकरच्या पाण्यातली अर्धी घागर वेगळी काढून छबुबाई चुलीची माती मळत होती. माणसाला प्यायला पाणी नाही आणि ही बाई पडवीत दुसरी चूल घालते आहे! पण घरधन्याचा, आसारामचा, हुकूमच तसा होता.

गावाबाहेरची जुनी धावपट्टी लांब होणार होती. मोठी विमानं उतरायची म्हणून अर्धं गाव उठणार होतं. जितक्या चुली तितकी कुटुंबं, अन् दर कुटुंबाला नव्या गावठाणात एक प्लॉट. साखर कारखान्याचे संचालक अर्जुनराव पारावर बसून सांगून गेले, "पोरांची लग्नं उरका अन् चुली वेगळ्या मांडा." झालं! आठ दिवसांत बारा लग्नं ठरली, अन् एकाही नवरीला अठरा पुरी नव्हती.

आसारामनं लेकासाठी, धर्मराजसाठी, छबुबाईच्याच भावाची बिनआईची पोर धरली. द्वारका. वय तेरा. लग्न उद्याचं, पोर कालच चौसाळ्याहून, बापाच्या घरून, आणून ठेवलेली.

"आत्या, सोमवारी माझा गणिताचा पेपर हाय. तवर मला चौसाळ्याला सोडताल ना?" माती तुडवता तुडवता द्वारका म्हणाली.

छबुबाईनं चुलीला मातीचा आणखी एक हात दिला. तीही तेराव्या वर्षीच या घरात आली होती. पहिलं बाळंतपण ऊसतोडीला गेली असताना फडावर, पाचटाच्या कोपीत झालं. ते लेकरू गेलं. त्याबद्दल तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

सकाळीच ती नवऱ्याला म्हणाली होती, "आवो, पोर लई लहान हाय."

"कावून बोंबलती? तू न्हाई का आलतीस? पलाट गेला तर तुझा भाऊ देणार हाय का?"

भावाला म्हणावं, तर तो म्हणे, "अक्का, तुझ्याच घरी राहती, बरंच हाय की." गावात कुणाकडं जावं, तर सांगणारे अर्जुनरावच. बिचारीनं जायचं कुठं?

आणि चुली मोजणारे सरकारी मोजणीवाले लग्नाच्या एक दिवस आधीच आले!

आसारामची तारांबळ उडाली. छबुबाईचं ठेवणीतलं लुगडं घाईघाईनं द्वारकाला गुंडाळलं अन् तिला साहेबापुढं उभं केलं.

"ही आमची सून. वरीस झालं लगनाला. अन् ही तिची चूल."

साहेबानं मान वर केली नाही. "सुनेचं वय?"

"एकोणीस."

पेन कागदाला टेकलं. तेवढ्यात छबुबाईनं चुलीवर पाय दिला. ओली माती भसकन खचली.

"सायेब, वर तरी बघा! वर्साची चूल अशी असती व्हय? हिच्यात अजून काडी जळाली न्हाई. ही माझी सून न्हाई, भाची हाय. तेरा वर्साची. लिव्हा, ह्या घरात एकच चूल!"

"घर बुडवलंस!" आसारामचा हात सगळ्यांदेखत तिच्या गालावर बसला. ती हलली नाही. साहेबानं 'एक' लिहिलं.

मातीनं भरलेल्या पायांनीच छबुबाई द्वारकाला घेऊन चौसाळ्याच्या एसटीत बसली. परत आल्यावर काय वाढून ठेवलंय, ते तिला पुरतं ठाऊक होतं. तिला जायला दुसरं घर नव्हतं. तरी पोरीचा हात तिनं सोडला नाही.

त्या दिवशी गावातल्या बाकीच्या अकरा ओल्या चुली यादीत चढल्या. एक दिवस तिथून मोठं विमान उडेल, आपणही कौतुकानं खिडकीतून खाली बघू. त्या अकरा चुलींपुढं बसवलेल्या पोरींची खरी वयं मोजणीवाल्यांनी विचारली नाहीत. तुम्हीआम्ही तरी विचारली का?