लाल दोऱ्याची गाठ

मी कोणाचं ऐकून घेणारा माणूस नाई, हे सिंदेवाहीत कोणालेही विचारा. धान संशोधन केंद्रात वीस वर्षं झाली, बियाण्याच्या थैल्यायले टॅग बांधतो. ज्या थैलीले या वामनरावची गाठ, तिच्यातलं बी उगवन म्हणजे उगवन. साहेब बदलले, गाठ नाई बदलली. म्हणून आम्हा फियाटवाल्यायचा डबा सुरू झाला, तवा त्याचा नियमही मीच काढला. अन् मोडलाही मीच.

अठ्ठ्याण्णव साली गावात चार फियाट होत्या, चारही म्हाताऱ्या. नवीन घ्यायची कोणाची ऐपत नाई, अन् धड मिस्त्री पाह्यजे तर मूल गाव गाठा नाई तर ब्रह्मपुरी. मंग दर रविवारी सकाळी आम्ही चौघं आमच्यातल्याच इतवारीच्या आटाचक्कीसमोर गाड्या घेऊन जमत होतो. कोणाची चढावर दम टाके, कोणाची उन्हात बंद पडे. एक म्हणे, इंजिनातल्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं गुंडाळा. दुसरा म्हणे, फडकं ठेवा तुमच्यापाशी, आधी नळी पाहा. भांडण होये, चहा होये, अन् गाडीही सुरू होये.

चक्कीत बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात सगळ्यायचं सामायिक सामान राहे: प्लग, पट्टे, कंडेन्सर. डब्यातलं एक नेलं तर तसंच एक आणून ठेवायचं, अन् ते आपल्या गाडीत आठ दिवस चालवून पाहिलेलं पाह्यजे. चालवून पाहिलं की त्याले आपल्या हातानं लाल दोरा बांधायचा. लाल दोरा म्हणजे जबान. त्यावर कोणी सवाल करायचा नाई. दोऱ्याचं रीळ जलालभाईनं दिलं होतं. जलालुद्दीन म्हणजे आमच्यातले चौथे फियाटवाले, बसस्टँडजवळ शिलाईचं दुकान. बोलणं कमी, हात साफ.

जूनमध्ये माह्या भाच्याचं माजरीले लग्न होतं. आदल्या दिवशी माह्या गाडीचा कंडेन्सर गेला. करंगळीएवढी डबी, पण ती बिघडली की इंजिनात ठिणगी बरोबर पडत नाई. त्यातही माह्यावाल्याची खोड वाईट होती. थंडा असला की चाले, तापला की मरे. मी डब्यातला लाल दोऱ्याचा कंडेन्सर काढला, लावला अन् माजरीले गेलो. येतानी चंद्रपुरात नवा घेऊ, असं ठरलं होतं. दुकान आलं तवा माही बायको रुखमा म्हणाली बी, "अजी, तुमचं दुकान." गाडीत सहा जणं कोंबलेले, डोकं तापलेलं. मी खेकसलो, "मले दिसते. उद्या पाहू."

तो उद्या काही आला नाई. दोन हप्ते गेले, सामान परत ठेवायचा रविवार आला. अन् त्याच्या आधीच्याच रविवारी इतवारीनं एक प्लग परत ठेवला नव्हता म्हणून मी त्याले सगळ्यायसमोर झापलं होतं. 'नियम म्हणजे नियम, इतवारी. डबा काही तुह्या बापाचा नाई.' हे माहेच शब्द. आता त्याच डब्यासमोर खाली हात घेऊन कसं जाऊ?

मी तोच मेलेला कंडेन्सर घेतला. घासलेटानं पुसला. लाल दोरा गुंडाळला अन् माही गाठ मारली, दोन वेढे अन् टोक आत खोचलेलं, थैलीले मारतो तशी. बुधवारी मूलले काम आहे, नवा आणून गुपचूप बदलून टाकू, असं मनाले सांगतलं. बुधवारी साहेबांनी शेतावर धाडलं अन् मी विसरलो. साफ विसरलो.

जलालभाईची मोठी पोरगी नूरी. बारावीले चांगल्या मार्कांनी पास झाली होती, गडचिरोलीले नर्सिंगच्या ट्रेनिंगची मुलाखत होती, शुक्रवारी अकरा वाजता. पोरगी म्हणे बसनं जाऊ. बाप म्हणे, घरची गाडी असताना बसनं काऊन? पोरीच्या कामाले जायचं म्हणून त्यायनं गुरुवारी आपला जुना पण चालता कंडेन्सर काढून ठेवला अन् डब्यातला लाल दोऱ्याचा लावला. भरोशाचा म्हणून.

मूलपर्यंत गाडी सुतासारखी गेली. सावली गावाच्या पुढं जंगलात बंद पडली. थंडी झाली की सुरू होये, दोन किलोमीटर गेली की पुन्हा बंद. जलालभाईनं पंपावर ओलं फडकं ठेवलं, नळी फुंकली, प्लग साफ केले. आम्ही रविवारी जे जे सांगत होतो ते सगळं केलं. जुना कंडेन्सर डिकीतच होता. तो लावला असता तर पाच मिनिटांत गाडी निघाली असती. पण लाल दोऱ्यावर शक घ्यावा, हे त्यायच्या मनातही नाई आलं. दोन एसट्या गच्च भरलेल्या, थांबल्या नाई. नूरी पोचली तवा अडीच वाजले होते अन् यादी बंद झाली होती. आता पुढच्या वर्षी.

त्या रविवारी इतवारीनं कंडेन्सर बदलून पाहिला तर गाडी ठणठणीत. मंग सवाल उभा झाला, चालवून पाहिलेला कंडेन्सर चाळीस-पन्नास किलोमीटरात मेला कसा? इतवारी म्हणाला, "वामनभाऊची गाठ होती. वस्तू खराब असूच शकत नाई. जलालभाई, तुमची गाडीच कंडेन्सर खाऊन राह्यली." अन् सगळे त्या गाडीच्या मागं लागले. पहिल्या रविवारी वायरिंग उपसलं. दुसऱ्या रविवारी डिस्ट्रिब्यूटर खोलला. मी काय केलं? मी तोंडाले कुलूप तरी लावायचं. पण नाई. मी म्हणालो, "कॉइल बदलून पाहा, जलालभाई." त्या माणसानं कॉइल बदलला. चांगली गाडी आम्ही महिनाभर फाडत बसलो, अन् मी पान्हा हातात देत होतो. मले माहीच किळस येत होती.

जलालभाईच्या दुकानासमोरून जाणं तर मी सोडूनच दिलं होतं. तिथी नूरी काज-बटण करत बसे.

एका संध्याकाळी जलालभाई घरी आले. रुखमानं चहा ठेवला. त्यायनं खिशातून कागदाची पुडी काढली. आत कोरा कंडेन्सर होता.

"वामनभाऊ, माफी मागायले आलो," ते म्हणाले. "तुमचा चांगला कंडेन्सर माह्या गाडीनं जाळला. गाडी आता सोमवारी भंगारात देऊन राह्यलो, तिच्यावर भरोसा नाई उरला. हा डब्यात ठेवायचा आहे, पण त्या गाडीत चालवून कसा पाहू? तुम्ही तुमच्या गाडीत चालवा. अन् गाठ तुम्हीच मारा."

माणूस मेल्याहून मेला होते म्हणतात, ते मले तवा कळलं. ज्याचं मी वाटोळं केलं तो माह्याच घरात माहीच माफी मागून राह्यला होता. मी कप खाली ठेवला.

"गाडी देऊ नका," मी म्हणालो. "तिच्यात काही खोट नाई. कंडेन्सर मेलेलाच होता. मी पुसून ठेवला. मले माहीत होतं."

रुखमा दारात उभी होती, ती तशीच आत गेली. जलालभाईनं तो कंडेन्सर पुन्हा पुडीत गुंडाळून खिशात ठेवला. मले वाटलं, आता शिव्या देतीन. मले शिव्याच पाह्यजे होत्या.

"मले काऊन सांगता?" ते म्हणाले. "नूरीले सांगा." अन् चहा न घेता उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी दुकानात गेलो. जलालभाई कापड बेतत होते, त्यायनं वर पाहिलं नाई. नूरीच्या मांडीवर कोणाचा तरी शाळेचा सदरा होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगतलं, मुलाहिजा न ठेवता, घासलेटानं पुसला इथपर्यंत. तिनं हातातलं बटण पूर्ण लावलं, दोरा तोडला.

"काकाजी," ती म्हणाली, "मी महिना झाला अब्बाशी बोलली नाई. बसनं जाऊ म्हटलं होतं, त्यायनं आयकलं नाई म्हणून."

मागं कैची थांबली. मले तिथी उभं राहवलं नाई, मी निघून आलो.

रविवारी चक्कीसमोर मी सगळ्यायले सांगतलं. इतवारीले तर मुद्दाम त्याच्याकडं पाहून सांगतलं, त्याच्या प्लगासकट. त्यानं माह्याकडं चहाचा कप सरकवला. मले वाटलं होतं, डब्यातून काढून टाकतीन, येणं बंद करतीन. तसं कोणी काही केलं नाई. जलालभाईनं गाडी ठेवली. पुढच्या वर्षी नूरीचा नंबर लागला. मुलाखतीले ती बसनंच गेली.

त्या कोऱ्या कंडेन्सरसारखाच दुसरा मी चंद्रपूरवरून आणला, आठ दिवस माह्या गाडीत चालवला, जंगलातून, उन्हातून, तापवून तापवून. पक्का झाला तसा रविवारी चक्कीत घेऊन गेलो. रीळ उचललं, दोरा तोडला अन् दोन वेढे दिले.

जलालभाईनं हात पुढं केला. आवाजात राग नव्हता.

"द्या वामनभाऊ," ते म्हणाले, "गाठ मी मारतो."

मी दिला. याले आता सात वर्षं झाली. केंद्रात अजूनही हजारो थैल्यायले माहीच गाठ लागते, अन् लोक डोळे मिटून बी पेरतात. डब्यात मी किती तरी सामान ठेवलं, सगळं चांगलं. एकालेही माही गाठ नाई.